आक्काची बॅटरी

गाडीत ठेवायची बॅटरी दुकानात बटण दाबून, समोरच्या भिंतीवर उजेड पाडून विकत घेतात ती माणसं मूर्ख असतात, असं आक्काचं मत होतं. हे मत ती दुकानातच, त्या माणसांच्या तोंडावर मांडायची. बॅटरी म्हणजे हातात धरायची. कोल्हापुरात तिला टॉर्च फक्त दुकानदार म्हणतो, तेही खोक्यावरचं वाचून.

"दुकानात लाईट हाय, पंखा हाय, बायको शेजारी उभी हाय. हितं कुठलीबी बॅटरी चांगलीच वाटंल की," असं तिनं एका अनोळखी गृहस्थांना सुनावलेलं मी स्वतः ऐकलंय.

ते गृहस्थ म्हणाले, "अहो, पण मी तुम्हाला विचारलंच नाही."

"म्हणूनच सांगाय लागलं, पावणं. इचारलं असतंत तर चुकला नसता."

आक्का माझी बहीण नव्हे. राजारामपुरीतल्या एका गल्लीत तिचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं, आणि शिकायला येणारे, शिकून गेलेले, शिकता शिकता पळून गेलेले सगळे तिला आक्काच म्हणायचे. स्कूल म्हणजे एक गाळा, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा रंग उडालेला तक्ता आणि डाव्या बाजूलाही ब्रेक असलेली एक गाडी. ती साठीच्या पुढची, ठेंगणी. शेतात बायका घालतात तसा साडीवर पूर्ण बाह्यांचा पुरुषी शर्ट घालायची. शर्टाच्या खिशात बॅटरी असायची, भर दुपारीसुद्धा. इकडच्या पुष्कळ बायकांसारखं ती स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असंच बोलायची. तिचं माहेर नेसरीचं, त्यामुळे रागावली की मध्येच एखादा कानडी शब्द यायचा. त्याचा अर्थ कळत नसे, पण रोख बरोबर कळायचा.

लोक तिला विक्षिप्त म्हणायचे. मला या शब्दाचा राग आहे. तेच सगळं एखाद्या पुरुषानं केलं असतं तर लोक त्याला शिस्तीचा म्हणाले असते, आणि पोराबाळांना त्याचं उदाहरण दिलं असतं.

मी तिच्याकडे गेले त्याला कारण मलकापूर. मी दातांची डॉक्टर आहे. राजारामपुरीत दातांचे दवाखाने इतके आहेत की एकाच्या पायरीवरून दुसऱ्याची पाटी वाचता येते. तिथं मला कोण विचारणार? शाहूवाडी तालुक्यातल्या मलकापुरात मात्र जागा होती, गरज होती आणि माणसं दात दुखला की खरोखर येत होती. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे तीन दिवस मी तिथं माझा दवाखाना सुरू केला. माझी खुर्ची, माझी पाटी. अडचण एकच होती. तिथले पेशंट शेतातली कामं उरकून येतात, त्यामुळे खरी गर्दी दुपार उलटल्यावर. एसटीच्या वेळा सांभाळायच्या तर पेशंट सोडून उठावं लागायचं. म्हणून मी जुनी गाडी घेतली आणि शिकायचं ठरवलं.

आमच्या घरात सासऱ्यांना मामा म्हणतात. मामा निवृत्त, स्वभावानं वाईट नाहीत, पण आपण सांगितलं की झालं, अशी त्यांना नोकरीत असताना लागलेली सवय. त्यांनी परवानगी दिली ती अटीवर. एक जरी भानगड झाली तर मलकापूर बंद. मग मी त्यांच्या एका नातेवाइकाच्या राजारामपुरीतल्या दवाखान्यात मदतनीस म्हणून बसायचं. त्या नातेवाइकांनी खुर्चीसुद्धा दाखवून ठेवली होती. दुसऱ्याच्या पेशंटचे दात साफ करायचे आणि पाचच्या आत घरी यायचं. परवानगी हा शब्द ऐकूनच मला राग आला होता, पण तेव्हा मी मान डोलावली आणि आक्काकडे नाव घातलं.

आक्कानं पहिल्या दिवशी मला गाडी चालवायला दिलीच नाही. डोळे मिटायला लावले आणि गाडीतली एकेक गोष्ट हातानं शोधायला सांगितली. हॉर्न, वायपर, धोक्याचे दिवे, बोनेट उघडायचा खटका. मी चाचपडत होते आणि ती शेजारी बसून शेंगा खात होती.

"काय करतीस तू?" तिनं विचारलं.

"डेंटिस्ट आहे."

"म्हंजे दिवसभर लोकांच्या तोंडात उजेड पाडतीस. आन् स्वतःच्या गाडीत?"

"फोनला टॉर्च आहे की," मी म्हणाले. घरी नवराही हेच म्हणायचा.

"फोन कानाला लावणार का टायरला?" ती म्हणाली. मी घरी जाऊन नवऱ्याला हेच विचारलं, तर तो फोन चार्जिंगला लावायला उठला.

तिच्या शाळेत लायसन्स मिळालं म्हणजे शिकणं संपलं असं नव्हतं. प्रत्येकाला तिच्यासोबत जाऊन गाडीसाठी बॅटरी घ्यावी लागायची. न घेणाऱ्याला ती ओळख दाखवत नसे. राजारामपुरीत तिचं ठरलेलं एक दुकान होतं. ती पायरी चढताना दिसली की दुकानदार काउंटरवरचे काचेचे दिवे आत घ्यायचा.

"आक्का, ही बघा. नवीन आलीया. पाच मोड हायत," तो म्हणाला.

"पाच कशाला?"

"फुल्ल, मध्यम, बारीक, लुकलुक आन् इमर्जन्सी."

"बंद करायला कितीदा दाबायचं?"

त्यानं दाबून दाखवलं. भिंतीवर सगळा खेळ होऊन गेला तेव्हा कुठं ती बंद झाली.

"म्हंजे टायर बदलताना धक्का लागला की गणपतीची मिरवणूक चालू. ठेव तिकडं. एकदा दाबलं की उजेड, परत दाबलं की अंधार, अशी दे."

मग त्यानं चार्जिंगची काढली. आक्कानं ती हातातसुद्धा घेतली नाही. "तुझ्या घरात हाय न्हवं असली? शेवटची कवा चार्ज केलीस?"

दुकानदार हसला. "खरं सांगू? आठवत न्हाय."

"तुला इकायला बसून आठवत न्हाय, हिला काय आठवतंय? हिच्या डोक्यात लोकांच्या दाढा."

पुढची वॉटरप्रूफ होती. आक्कानं बादली मागितली. दुकानदार म्हणाला, "वॉटरप्रूफ हाय, पण म्हणून बुडवायची न्हाय." आक्का म्हणाली, "मग काय देव्हाऱ्यात ठेवू?" बादली आली. ती बॅटरी बुडाली, पेटली, आणि थोड्या वेळानं विझली. दुकानदारानं ती मुकाट्यानं पुसून आत ठेवली.

तिच्या पिशवीत खोबरेल तेलाची बाटली असायची. तिनं माझ्या तळव्यांना तेल चोळलं, डोळे मिटायला सांगितले आणि हातात एकामागून एक बॅटऱ्या दिल्या. बटण कुठं आहे ते अंगठ्याला आपोआप कळलं पाहिजे, तेल असो, घाम असो, चिखल असो. ज्या बॅटरीचं बटण सापडेना ती बाद. एक माझ्या हातातून निसटून फरशीवर पडली आणि तिच्यातले सेल दोन दिशांना गेले. तीही बाद. दुकानात आलेली इतर गिऱ्हाइकं कडेला उभी राहून बघत होती. मला लाज वाटत होती आणि गंमतही वाटत होती.

शेवटी तीन उरल्या. त्या घेऊन ती रस्त्यावर गेली आणि समोर उभ्या असलेल्या कुणाच्या तरी गाडीच्या बोनेटवर ठेवून बघू लागली. दोन घरंगळल्या. तेवढ्यात मालक ओरडत आला. "ओ बाई, गाडी हाय ती, टेबल न्हाय!"

आक्का अजिबात दचकली नाही. "पावणं, तुमच्या गाडीत बॅटरी हाय?"

"त्याचा हितं काय संबंध?"

"हाय का न्हाय?"

"न्हाय."

"मग या आत," असं म्हणून ती त्याचा दंड धरून त्याला दुकानात घेऊन गेली. तेल लावून घेण्याचा नंबर आता त्याचा होता.

मी जी घेतली ती वीतभर लांब, नारिंगी रंगाची. नारिंगी अशासाठी की गवतात पडली तर दिसावी. तोंडाला कोपरे, त्यामुळे घरंगळत नाही. बूड सपाट, उभी राहते. आणि साधे दोन सेल बसतात, मलकापूरच्या कुठल्याही पानपट्टीत मिळतात तसले. ठेवायची जागा ड्रायव्हरच्या दारातला कप्पा. मी डिकीत ठेवू का म्हटल्यावर आक्का माझ्याकडे बघतच राहिली. "डिकीत हुडकायला दुसरी बॅटरी घेतीस व्हय?"

तिचं सगळंच बरोबर असायचं असं मुळीच नाही. पिवळा उजेड धुक्यात आरपार जातो यावर तिचा ठाम विश्वास. म्हणून ती प्रत्येक बॅटरीच्या तोंडाला पिवळा जिलेटीनचा कागद रबरानं बांधायची. तिला मी सांगितलं, दवाखान्यातल्या दिव्याचं उदाहरण दिलं, कागदानं उजेड फक्त कमी होतो हे भिंतीवर दाखवलं. ती म्हणाली, "भित्तीला धुकं असतंय व्हय?" मी घरी आल्यावर कागद काढून टाकला. पुढच्या भेटीत तिनं परत बांधला. मी परत काढला. हे भांडण आमच्यात आजही मिटलेलं नाही, आणि माझी बॅटरी आजही पांढरीच आहे.

एकदा मी कपाळाला बांधायचा दिवा घेऊन गेले. दाताच्या कामाला आम्ही वापरतोच, दोन्ही हात मोकळे राहतात. मला वाटलं आता ही गप्प होईल. तिनं तो डोक्याला बांधला, आरशात बघितलं, इकडून तिकडं मान हलवली आणि काढून परत दिला. "जिकडं मी बघतो तिकडंच ह्यो बघतोय. मला बघायचं टायरकडं आन् उजेड पाहिजे मागनं येणाऱ्या ट्रकाकडं. मग?" मी म्हणाले, मग दोन्ही ठेवायचे. ती म्हणाली, "ठेव की. तुझी गाडी, तुझं टकुरं."

हे वेड तिला का लागलं, असं तिला सगळेच विचारायचे. तिनं दोनदा एकच कारण सांगितलेलं कुणी ऐकलं नाही. कधी सांगायची, नेसरीच्या रानात वडिलांची जीप बंद पडली होती. कधी सांगायची, चपलेत विंचू होता. एका वकिलांना तिनं सांगितलं, "माझ्या लग्नात लाईट गेली आन् उजेडात बघायच्या आधीच नवरा घरात आला." तिचा नवरा तेव्हा शेजारीच बसला होता आणि तोही हसत होता. मी कधी खोदून विचारलं नाही. माणसाच्या प्रत्येक सवयीमागं एक रडकी गोष्ट असलीच पाहिजे असा काही नियम नाही.

तिची शेवटची परीक्षा शेंडा पार्काच्या बाजूच्या मोकळ्या रानात व्हायची, दिवस मावळताना. ती गाडी थांबवायची, खाली उतरून एका चाकातली हवा सोडायची आणि प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन लांब जाऊन बसायची. चाक आपलं आपण बदलायचं. माझ्या वेळी नट हलेना. मी पान्यावर जोर देत होते, हाताची साल निघाली, डोळ्यांत पाणी आलं.

"हात काय लावतीस, वर हुभी ऱ्हा!" लांबून आवाज आला.

मी पान्यावर उभी राहिले. नट सुटला. उतरून दुसरा, मग तिसरा. आणि हे सगळं जॅक लावण्याआधी, नाहीतर चाक नुसतं फिरत राहतं. काम झालं तेव्हा पुरता अंधार झाला होता. आक्कानं येऊन प्रत्येक नट तपासला, एक अर्धा फेरा आणखी आवळला आणि म्हणाली, "आता जा कुठंबी."

शिकून झाल्यावरही मी तिच्याकडे जात राहिले. तिनं एक शिस्त लावून दिली होती. गाडीत बसलं की आधी बॅटरी लावून बघायची, मग किल्ली फिरवायची. खंडेनवमीनंतरच्या पहिल्या फेरीला मी कप्प्यात हात घातला, बटण दाबलं, काही नाही. नवमीला मामांनी गाडी धुऊन, हार घालून, नारळ फोडून साग्रसंगीत पूजा केली होती. बॅटरीलाही हळद-कुंकू लावलेलं होतं, बटणाच्या खाचेतसुद्धा. आत सेल नव्हते.

"मी काढले," मामा म्हणाले. "गाडीत पडून पडून सेल गळतात. आणि आपलं हॉलमधलं घड्याळ बंद पडलं होतं. एक तिथं लावला, एक आतल्या खोलीतल्या घड्याळात."

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. आपल्याकडे बहुतेक घरांत हेच होतं. बॅटरीचे सेल म्हणजे घड्याळाची शिल्लक. मी घड्याळांतून सेल काढले, बॅटरीत घातले आणि मलकापूरला गेले. मामा त्या दिवशी जेवायला उशिरा बसले आणि त्याचं खापर माझ्यावर फोडलं.

आक्काला हे सांगितल्यावर मला वाटलं ती मामांना बोलेल. ती मलाच बोलली. "नवं शेल पहिल्यांदा गाडीला. उतारलं की मग घड्याळाला. घड्याळ मागं पडलं तर कोण मरत न्हाय. हे घरात तू सांगायचं, मी न्हाय." मी घरात सांगितलं. मामांनी त्यानंतर सेलना हात लावला नाही.

पुढं उसाचा हंगाम सुरू झाला. मला ती सोमवारची संध्याकाळ चांगली आठवते. शेवटच्या पेशंटचं काम लांबलं होतं, अंधार पडून थोडा वेळ झाला होता. बांबवडे मागं टाकलं, रस्त्याचं काम चालू होतं, कडेला खडीचे ढीग. एका वळणाच्या जरा पुढं मागच्या बाजूनं धाड असा आवाज आला आणि गाडी डावीकडं ओढायला लागली. उतरून बघितलं तर टायर फाटून रबर लोंबत होतं.

मला भीती वाटली. अंधाराची वाटली, पण त्याहून जास्त भीती वाटली ती मामांचं म्हणणं खरं ठरण्याची. झाली भानगड. आता खुर्ची विकायची, पाटी उतरवायची आणि दुसऱ्याच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून बसायचं. मी गाडीला टेकून तशीच उभी होते. मग मागून ट्रॅक्टरवरच्या टेपचा आवाज ऐकू आला.

ज्यांनी हा रस्ता बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. उसानं लादलेल्या दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, पुढं असला तर एकच, आणि गाणी इतकी मोठ्यानं की हॉर्नचा उपयोग नाही. वळणावर मी त्याला दिसणार नव्हते. धोक्याचे दिवे लावून मी बॅटरी घेऊन मागं पळाले, वळणाच्या पलीकडं जाऊन उभी राहिले आणि आक्कानं शिकवलं होतं तसा उजेड खाली, रस्त्यावर, आडवा हलवत राहिले. ड्रायव्हरच्या डोळ्यांत मारायचा नाही. त्याला दिसेनासं झालं तर तो आपल्यावरच येतो.

ट्रॅक्टर हळू झाला. मग थांबला. गाणं बंद झालं.

"काय झालं ओ ताई?"

"टायर फुटलाय. वळणापलीकडं गाडी आहे. सावकाश काढा."

त्यानं ट्रॅक्टर सावकाश पुढं काढून रुंद जागेत लावला आणि चालत मागं आला. तिशीतला असेल, डोक्याला मफलर. "संगं कोण गडीमाणूस न्हाय व्हय?"

"तुम्ही आहात की. ही बॅटरी धरा."

त्यानं बॅटरी घेतली आणि पान्यासाठी दुसरा हात पुढं केला. आक्काचा नियम होता, मदत घ्यायची पण पाना द्यायचा नाही. मी म्हणाले, "तुम्ही उजेडच धरा. तेच अवघड काम आहे."

आणि ते अवघड होतंच. तो बोलत होता आणि हात हलत होता. कधी उजेड चाकावर, कधी माझ्या चपलेवर, कधी शेजारच्या शेतात. मी दवाखान्यात माझ्या मदतनीस मुलीला सांगते त्याच आवाजात सांगितलं, "जरा डावीकडं. आणखी खाली. आता हलवू नका." तो खरंच हलला नाही. मी पान्यावर उभी राहिले आणि पहिला नट सुटला तेव्हा तोच ओरडला, "लई भारी!"

जॅक लावला, चाक काढलं, स्टेपनी बसवली. माझे हात काळे झाले होते, गुडघे खडीवर टेकून सोलले होते आणि मला मघाची भीती कुठंच सापडत नव्हती. उलट राग येत होता. एवढ्यासाठी मी दवाखाना बंद करणार होते?

"तुम्ही करताय काय?" तो म्हणाला.

"मलकापुरात दाताची डॉक्टर आहे."

त्यानं लगेच मफलर खाली ओढला आणि आ केला. "ही बघा की. मागची. चार रोज झालं जेवाण न्हाय." मी हात साडीला पुसले, त्याच्या हातातली बॅटरी घेतली आणि तिथंच, उसाच्या ट्रॉलीला त्याला टेकवून, दाढ बघितली. गेलेली होती. "बुधवारी या. काढून टाकू." तो म्हणाला येतो, आणि येताना ट्रॉलीला मागं उजेडात चमकणारी लाल पट्टी लावून आणतो. ही अट मीच घातली होती.

मंगळवारी सकाळी मी आक्काकडे गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं. शाबास वगैरे काही नाही. "तिकोनी बोर्ड ठेवलावतास न्हवं मागं?" एवढंच विचारलं. मी विसरले होते. त्यावरून मी पोटभर बोलणी खाल्ली. मग मी म्हणाले, "घरी सांगितलं नाही अजून. ट्रॅफिक होतं, असं मी म्हणाले. मामांना कळलं तर मलकापूर बंद होईल."

"चोरी केलीस व्हय?"

"नाही."

"मग लपिवतीस कशाला? टायर फुटला म्हणून नगो सांगू. टायर बदलला म्हणून सांग."

मी दुपारी सांगितलं. तिनं सांगितलं होतं तसंच सांगितलं. मामांनी फक्त पहिला अर्धा भाग ऐकला. "झाली ना भानगड? मी काय म्हणत होतो?" त्यांनी नातेवाइकांना फोन लावला, सून पुढच्या आठवड्यापासून येईल म्हणून सांगूनही टाकलं. माझ्यासमोर. मग म्हणाले, "आणि त्या बाईला बोलवा. हिच्या डोक्यात तिनंच भरवलंय. तिला दोन शब्द ऐकवायचेत मला."

आक्का संध्याकाळी आली. शर्ट घालूनच आली. सोफ्यावर बसली, पिशवी पायाशी ठेवली. नवरा एका कोपऱ्यात उभा होता, दोन्हीकडं बघत. सासूबाईंनी पोहे आणले. मामांनी सुरुवात केली. बाईमाणसाला रस्त्यावर उतरायला शिकवता, घरच्यांची काळजी तुम्हाला काय कळणार, ट्रॅक्टरवाल्याऐवजी दुसरा कुणी असता तर, इज्जत गेली असती तर. ते बरंच बोलले. आम्ही सगळे आक्काकडे बघत होतो. आता फुटणार, आता कानडी येणार, असं मला वाटत होतं. मी तर वाटच बघत होते.

ती पोहे खात राहिली. "लिंबू हाय का?" तिनं सासूबाईंना विचारलं. त्यांनी लिंबू दिलं. तिनं ते पिळलं आणि परत खायला लागली.

मामा थांबले. मी आक्काकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती मुद्दाम गप्प बसली होती. ती बोलली असती तर मामा तिच्याशी भांडले असते, तिला घालवून दिलं असतं आणि निकाल लागला असता. मला एकदम कळलं की आता इथं बोलणारं माझ्याशिवाय कुणी नाही.

"मामा, नातेवाइकांना फोन करून सांगा, मी येणार नाही," मी म्हणाले. "मलकापूरचा दवाखाना माझा आहे. तो चालू राहणार."

"आणि परत टायर फुटला तर?"

"परत बदलीन."

"आणि कुणी थांबलंच नाही तर?"

"एकटी बदलीन. उद्या बुधवार आहे. एक दाढ काढायची आहे, तो माणूस कामाचा खाडा करून येणार आहे. मी जाणार."

मामा नवऱ्याकडे वळले. नवरा म्हणाला, "स्टेपनीत हवा भरून घ्यायला पाहिजे." त्या घरात त्याच्या तोंडून तेवढं येणं ही मोठी गोष्ट होती. आक्कानं बशी खाली ठेवली, सासूबाईंना पोहे चांगले झाले म्हणून सांगितलं आणि पिशवी उचलून निघून गेली. मी तिला सोडायला फाटकापर्यंत गेले तर म्हणाली, "जा आत. आत्ता भाईर येऊ नगो." त्या वेळी मी आतच असायला हवं होतं, हे तिला माझ्या आधी कळलं होतं.

आता तिचं स्कूल नाही. गाळ्यात मोबाईलची कव्हरं मिळतात. गुडघे गेले, मुलगा गाडी चालवू देईना, म्हणून ती रागानं नेसरीला भावाकडं राहायला गेली आणि ऐकते की तिथं भावाचा ट्रॅक्टर चालवते. गावातल्या ट्रॉल्यांना मागून पट्ट्या लावल्याशिवाय ती त्यांना वाट देत नाही म्हणे. लोक तक्रार करतात. करू देत.

त्या बुधवारी सकाळी मी गाडीत बसले. मामा फाटकात उभे होते. दोन्ही हात मागं बांधून, बरोबर मधोमध. मी काच खाली केली.

"मामा, बाजूला व्हा," मी म्हणाले. "गाडी मागं घ्यायचीय."

ते बाजूला झाले.